घासभर शांतता

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर हे वाचून कुणीतरी घरी यायचं, चहा पिता पिता डोळे बारीक करायचं आणि खरंच का हो म्हणून विचारायचं. मी नागपूरची, मॅट्रिक झालेली. आमच्या घरी अमावास्येला न्हायलासुद्धा बंदी नव्हती. सगुणाकाकूंबद्दल जे पाहिलं ते सांगते. जे ऐकलं तेही सांगते. त्याचा अर्थ ज्याचा त्यानं लावावा, मला विचारू नये.

लग्न होऊन मी भिलाईला आले तेव्हा कारखाना अर्धा उभा होता आणि अर्धा खड्ड्यात. एक भट्टी पेटली की दुसरीचा पाया खणायला घेत. आमचे हे ड्रॉइंग ऑफिसात. क्वार्टर मिळालं सेक्टर दोनमध्ये. दोन खोल्या, मागे अंगण, त्याला लागून शेजारच्यांचं अंगण, मध्ये छातीएवढी भिंत. दोरीवर पांढरा कपडा वाळत घालायची सोय नव्हती, तांबडी धूळ बसायची. संध्याकाळी कारखान्यात लोखंडाची तापलेली मळी ओतली की अख्खं आकाश लाल व्हायचं आणि घरातल्या भांड्यांवर तो उजेड पडायचा. पहिल्या दिवशी मी आग लागली म्हणून अंगणात धावले. भिंतीपलीकडून आवाज आला, "आग नाही वं, रोजचंच हाय. तुही भाजी करपून राहिली, थे पाय आधी."

ह्या सगुणाकाकू. सगुणाबाई लांजेवार. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातल्या. नवरा कोक ओव्हनला, दगडी कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर, घरी आला की पाटावर बसून शेंगा फोडत राहायचा, बोलायचा नाही. त्याच्या वाट्याचंही काकूच बोलत असाव्यात. आवाज असा की नळावर त्या बोलल्या तर पलीकडच्या ओळीतल्या बायका आपल्यालाच विचारलं समजून उत्तर द्यायच्या.

त्याच संध्याकाळी माझी भाजी करपलीच होती म्हणून काकू वाटीभर झुणका आणि भाकरी घेऊन आल्या. आल्या त्या समोरच बसल्या. आम्ही जेवायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की ह्यांनी घास घ्यायला तोंड उघडलं की काकूंचंही तोंड उघडतंय. ह्यांनी मिटलं की त्यांचं मिटतंय. ह्यांना हसू आवरेना, ठसका लागला. काकूंना पत्ताच नाही. तान्ह्या पोराला भरवताना आई करते ना, आपणच आ करते, तसं. पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा त्यांना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "भरवू भरवू सवय पडली वं." मी भिंतीवरून त्यांच्या अंगणात पाहिलं. दोरीवर एक लुगडं आणि एक खाकी पँट. लहान कपडा एकही नव्हता. काही विचारलं नाही मी. पण त्या दिवसापासून त्यांच्यासमोर जेवताना मला कसंतरीच व्हायचं.

दुसरी खोड म्हणजे पोरांचे दंड. रस्त्यानं कुठलंही पोर जात असो, काकू त्याला धरणार, दोन बोटांत त्याचा दंड पकडणार, आणि मग त्याच्या आईची हजेरी. काय खाल्लं सकाळी? पेज? पेज म्हणजे भाताचं पाणी, ते जेवण नव्हे. डाळ का नाही दिली? दात आले नाहीत म्हणून? "हिरड्या काय भाड्याच्या हायेत?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. बायका वैतागायच्या. आधीच आपल्याकडे लेकराला खाताना कुणी पाहू नये, पदराआड भरवावं, अंगानं भरलंय म्हणून कुणी बोलू नये, नाहीतर दृष्ट लागते. आणि ही बाई तर भर रस्त्यात मोजमापच काढते. मागून बोटं मोडायच्या. पण अंगणातला मुनगा, म्हणजे आपला शेवगा, त्याचा पाला खुडून डाळीत घालायला सगळ्या ओळीतल्या बायका शिकल्या त्या काकूंकडूनच. मीही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई हे बघत होत्या. रायपूरला तेव्हा नवीन रेडिओ केंद्र निघालं होतं आणि दुपारच्या बायकांच्या कार्यक्रमात लहान मुलांच्या खाण्यापिण्याबद्दल बोलायला कुणीतरी हवं होतं. शिकलेल्या दोघीतिघी जाऊन आल्या होत्या. त्यांचं बोलणं छापील. डॉक्टरीणबाईंनी काकूंचं नाव सुचवलं. काकू जेमतेम चौथी. पण रेजा म्हणून, म्हणजे बांधकामावर मजुरीला येणाऱ्या गावच्या बायकांशी बोलून बोलून छत्तीसगढी फर्डी झाली होती, भंडाऱ्याच्या हेलातली का असेना. रेडिओवर त्या छत्तीसगढीतच बोलायच्या आणि घरी येऊन आम्हाला आपल्या भाषेत सगळं पुन्हा ऐकवायच्या.

पहिल्याच दिवशी केंद्रावर त्यांचं तिवारीजींशी वाजलं. तिवारीजी रेकॉर्डिंगचं पाहायचे. काकूंनी काय केलं, "अब एक कौंरा देवव दाई," आता एक घास दे माय, एवढं बोलल्या आणि गप्प बसल्या. तिवारीजी काचेमागून हात हलवतायत, बोला, बोला. काकू गप्पच. मग शांतपणे, "अब लीलन देवव." आता गिळू दे. आणि पुन्हा गप्प. तिवारीजी बाहेर येऊन म्हणाले की रेडिओवर असं गप्प राहून चालत नाही, ऐकणाऱ्याला वाटतं केंद्र बंद पडलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की केंद्र बंद पडलं तर पुन्हा चालू करता येतं. लेकराच्या घशात घास असताना पुढचं बोलणं सांगितलं तर आई पुढचाच घास कोंबेल. माझ्या बोलण्याबरोबर बायका भरवणार आहेत, तर मी लेकराच्या घशानं बोलणार. तिवारीजी भला माणूस. त्यानं ती गप्प जागा तशीच राहू दिली.

तर असा तो कार्यक्रम. अर्धं बोलणं आणि अर्धी शांतता.

जुनवानी तेव्हा गावच होतं, आमच्यापासून चालत जाण्यासारखं. तिथल्या शाळेच्या पडवीत सरकारी रेडिओ होता, लाकडी पेटीत, पुढे जाळी आणि कुलूप. किल्ली गुरुजींकडे. कार्यक्रमाच्या दुपारी काकू तिथे जायच्या आणि मला सोबत न्यायच्या. का न्यायच्या, देव जाणे. मी उन्हानं चिडचिडत जायची. पडवीत बायका पोरं मांडीवर घेऊन, पुढ्यात वाटी ठेवून बसलेल्या असायच्या. सुरुवातीला सगळ्या पेटीकडे पाठ करून बसायच्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, जे बोलतं ते पाहतही असणार. लेकराला खाताना त्यानं पाहिलं तर? एकीनं तर स्वतःच्या पदरानं जाळी झाकून टाकली होती.

आणि मला तिथे विचित्र वाटायचं ते हे की पेटीतून काकू बोलायला लागल्या की शेजारी बसलेल्या काकू साफ गप्प व्हायच्या. एरवी यांच्या तोंडाला कधी विसावा नाही. इथे मात्र हात जोडल्यासारखे मांडीत, डोळे जाळीवर, आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा ऐकायच्या. बायका शंका विचारायच्या त्या पेटीला. काकू शेजारी बसल्यात, त्यांना नाही. काकूंना राग यायचा त्याचा, पण उत्तर नाही द्यायच्या. पेटीतूनच काही येतंय का म्हणून त्याही थांबायच्या.

तिथे फुलबासन होती. विटा वाहायची कारखान्याच्या बांधकामावर. तिची आधीची दोन लेकरं गेलेली, तिसरी ही बुधनी. वर्ष उलटून गेलं होतं, तरी धड बसत नव्हती पोर. डोकं मोठं दिसायचं, पोट पुढे, आणि दंड असा की काकूंच्या दोन बोटांत पकडूनही जागा उरायची. खायची नाही. तोंडाशी काही नेलं की ओठ घट्ट मिटायची आणि नुसती पाहायची. रडायचीही नाही. मला तिच्याकडे पाहवत नसे. काकूंनी पहिल्या दिवशी तिचा दंड धरला आणि नेहमीसारखी हजेरी घ्यायच्या ऐवजी कितीतरी वेळ तो सोडलाच नाही. परत येताना वाटेत एवढंच म्हणाल्या, "हे पोरगी मले जगवाची हाय, सुमन." तोवर त्यांनी हजार पोरांना नावं ठेवली होती, पण असं कुणाबद्दल बोलल्या नव्हत्या. त्या दिवसापासून आमची जुनवानीची वारी बुधनीसाठीच होती, बाकीची पोरं तोंडी लावायला.

आणि मग तो आवाज.

शांततेत यायचा. "एक कौंरा देवव," म्हणून पेटी गप्प झाली की जाळीतून बारीक मच् मच् ऐकू यायचं. लहान मूल मऊ भात खाताना करतं तसं. मग गिळल्याचं. मग एक छोटा श्वास. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, पडवीत इतकी पोरं खात असायची. एका दुपारी बायका कामावरून उशिरा आल्या, वाट्या अजून झाकलेल्याच होत्या, कार्यक्रम सुरू झाला आणि पहिली शांतता आली. एकही पोर खात नव्हतं. आवाज आला.

फुलबासन ताडकन उठली. "डब्बा म लइका हे," म्हणाली. डब्यात लेकरू आहे. मग बुधनीला पदरात गुंडाळत, खालच्या आवाजात, ते माझ्या पोरीचा वाटा खातंय, असंही म्हणाली. म्हणूनच हिच्या अंगी काही लागत नाही. दुसऱ्या कुणी तिला वेड्यात काढलं नाही. सगळ्याजणी वाट्या उचलून, पोरं उचलून, पेटीकडे पाठ न करता, मागे मागे सरकत पडवी उतरून गेल्या.

पुढच्या खेपेला पडवी रिकामी. गुरुजींनी कुलूप काढून रेडिओ लावला आणि ते वर्गात निघून गेले. मी आणि काकू दोघीच. भर दुपार, रस्त्यावर कुत्रंही नाही. काकूंचा आवाज त्या मोकळ्या पडवीला सांगत होता, आता एक घास दे माय. मग शांतता. मग मच् मच्. मी ऐकलं. खोटं कशाला बोलू, मी अगदी स्वच्छ ऐकलं. झटकन काकूंकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं होतं, नेहमीसारखं, पण त्यातून आवाज येत नव्हता. हात मात्र पुढे होता, बोटं जुळवून, घास धरल्यासारखी. गिळल्याचा आवाज आला तेव्हा बोटं सुटली.

मला घाम फुटला, पण मी शिकलेली ना! मी लगेच त्यांना समजावलं की काकू, तुम्हीच रेकॉर्डिंगच्या वेळी आ करता, मचमच करता, ते मायक्रोफोनमध्ये येतं, दुसरं काही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घरी परतताना अर्ध्या वाटेवर, पळसाच्या झाडाखाली थांबल्या आणि सांगू लागल्या.

त्यांना चंपी होती. दोन वर्षांची. गावी असताना तिला हगवण लागली. सासूनं सांगितलं, अन्न बंद, पाणी बंद, पोट आपोआप सुकेल. सगळ्या गावात तसंच करायचे. पोर भात भात करत होती. सासूचं ऐकायचं नाही हे काकूंना सुचलंच नाही, कुणाला सुचत होतं तेव्हा? भात मागत मागतच ती गेली. एवढं सगळं त्यांनी बाजारभाव सांगावेत तसं सांगितलं. मग म्हणाल्या, "भात शिजेल होता वं. चुलीवरच होता. झाकण होतं त्याच्यावर."

एवढी मोठी बाई, सगळ्या सेक्टरला दरडावणारी, आणि त्या पळसाखाली ती मला दोन वर्षांच्या पोरीएवढी दिसली. रडल्या नाहीत. मीच रडले. घरी येऊन ह्यांना जेवायला वाढलं आणि माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

पुढच्या रेकॉर्डिंगला मी त्यांच्याबरोबर रायपूरला गेले. तिवारीजींचा निरोप होता की काहीतरी आवाज येतोय, सांभाळून बोला. म्हटलं आता सोक्षमोक्षच लावते. पावरहाउस स्टेशनवरून पॅसेंजर धरली. केंद्रात मला तिवारीजींच्या शेजारी काचेमागे बसवलं. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की बाईंना तोंडाला पदर लावून बसायला सांगा, म्हणजे बोलणं झालं की पदर आवळायचा. काकूंनी ऐकलं. आतल्या खोलीत टेबल, माइक, काकू, आणि त्यांच्या मांडीवर घरून आणलेली रिकामी वाटी. ती कशाला, तर शांतता किती ठेवायची ते हाताला कळतं म्हणे. भिंतींना जाड कापड, दार बंद, वर लाल दिवा.

"एक कौंरा देवव दाई." काकूंनी पदराचा बोळा तोंडावर घट्ट दाबला. डोळे मिटले. हात पुढे, अगदी स्थिर. मी पापणी हलवली नाही. काकूंचा आवाज सोडला तर काचेतून काही ऐकू येत नव्हतं, पण तिवारीजींच्या कानांना ते काळे हेडफोन होते. त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी हेडफोन काढले, रुमालानं पुसले, परत लावले. मग मान लांब करून आतल्या खोलीत टेबलाखाली पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "बच्चा साथ लाई हैं क्या?"

मी नाही म्हणाले. त्यांनी फीत तशीच ठेवली, शांततेसकट आणि आवाजासकट. बाहेर आल्यावर काकूंना त्यांनी स्वतः चहा आणून दिला, आणि कपाबरोबर दोन बिस्किटं. एक काकूंनी खाल्लं. दुसरं बशीतच ठेवून आल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी उठले ती काकूंवर चिडूनच. का, ते मलाही सांगता येणार नाही. आणि काकू तर पदर खोचून जुनवानीला निघालेल्या, थेट फुलबासनच्या घरी. मीही गेले.

मला वाटलं त्या तिची समजूत घालतील, डब्यात लेकरू नसतं गं बाई, तो यंत्राचा आवाज. तसं काहीच नाही. काकू तिच्या दारात खाली बसल्या आणि म्हणाल्या की तुझं खरं आहे. लेकरू आहे. माझंच आहे. उपाशी गेलं आहे. ती खाते, कारण तिला कुणी दिलं नाही. तिचा वाटा आधी काढून ठेवा, मग ती तुमच्या पोरांच्या वाट्याला हात लावणार नाही. फुलबासन घाबरून ऐकत होती. काकूंनी पुढचंही सांगितलं. गेलेल्याला आपण शिळं देत नाही, पेज देत नाही. ताजा भात, डाळ, मुनग्याचा पाला, वर तेलाचे दोन थेंब, असं पान ठेवतो. तसंच हिचं. आणि ठेवलेलं पान टाकायचं नसतं, ते घरातल्या लेकरानं खायचं असतं. सगळ्यात अशक्त असेल त्यानं आधी.

परतताना मी फाडफाड बोलले. रेडिओवर डॉक्टरीणबाईंच्या नावानं बोलता आणि इथे बायकांना भुताला जेवू घालायला लावता? लाज वाटत नाही? काकू चालता चालता थांबल्या.

"भूत कोनाले म्हनते वं? पोरगी हाय माही," म्हणाल्या. आणि पुढे चालू लागता लागता, "म्या झूठ नाही बोलली."

तिवारीजींचा रुमाल आठवला मला.

पुढच्या दुपारी पडवी भरली. पेटीखाली आधी एक वाटी आली, मग दुसरी, मग ओळच लागली. गरम भात, पिवळी डाळ, त्यात हिरवा पाला. या बायका पोरांना पेज पाजून कामावर जायच्या, पण डब्यातल्या लेकराला पेज ठेवायची कुणाची छाती झाली नाही. पहिल्या शांततेला सगळ्या वाट पाहत बसल्या. मच् मच् झालं. कुणी हललं नाही. दुसऱ्या घासाला प्रत्येकीनं आपापली वाटी उचलली. फुलबासननं बुधनीच्या तोंडाशी घास नेला आणि ते पोर, जे कधी ओठ उघडायचं नाही, ते पेटीकडे पाहत होतं. आईकडे नाही, पेटीच्या थोडं खाली. खेळताना दुसऱ्या मुलाकडे बघतात ना, तसं. आणि तिनं आ केला.

काकूंचा हात माझ्या मनगटावर होता. त्यांनी तो इतका आवळला की बांगडी फुटली माझी.

बुधनी खाऊ लागली. सांगायला एवढंच, पण ते व्हायला उन्हाळा सरून पावसाळा आला. दंड काकूंच्या बोटांत भरू लागला. बसू लागली, मग भिंत धरून उभी राहिली. बाकीच्या पोरांचीही पोटं आत गेली, केसांना काळा रंग आला. डॉक्टरीणबाई खूश, रेडिओवाले खूश. त्यांना वाट्यांच्या ओळीबद्दल कुणी सांगितलं नाही. मी तर नाहीच सांगितलं.

एकच गोष्ट मला शेवटपर्यंत सोसवली नाही. जुनवानीच्या त्या पोरांना शांततेची सवय लागली. कारखान्याचा भोंगा वाजून थांबला, किंवा सुरुंगाचा दणका होऊन सगळं निवलं, की रस्त्यावर खेळणारी पोरं जिथल्या तिथे थांबायची आणि तोंडं उघडायची. सगळी एकदम. घासभर वेळ. मग मिटायची आणि पुन्हा खेळायला लागायची. मी एकदा ते पाहिलं आणि सरळ उलट्या पावली घरी आले. काकूंना सांगितलं तर त्या प्रसन्न हसल्या.

मग दोनेक वर्षांनी लांजेवारांची बदली झाली. राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणीवर. तिथे कसला रेडिओ आणि कसलं केंद्र! कार्यक्रम कुणा दुसऱ्या बाईंकडे जाणार होता, आणि त्या न थांबता बोलायच्या. काकू माझ्या स्वयंपाकघरात मुनग्याचा पाला निवडत बसल्या होत्या. तुळशीला पाणी कोण घालील विचारावं तशा आवाजात म्हणाल्या, "मी गेली त चंपीले कोन देईन वं?"

मी चिडलेच. जीव तुटत होता म्हणून चिडले, हे आता कळतं. म्हटलं, मग सोबत घेऊन जा ना तिला.

"येत नाही म्हनते," काकू म्हणाल्या. पाला निवडणं चालूच होतं. "तिले बुधनीसंग करमते."

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. त्यांचा चेहरा पाहिला मी. भुतानं झपाटलेल्या बाईचा नव्हता तो. लेक सासरी निघाली की आईचा होतो तसा होता, फक्त इथे निघाली होती आई.

गाडी दुर्गहून होती, सकाळची. ट्रंका, वळकट्या, लांजेवार त्यांच्यावर बसून शेंगा फोडतायत. मी पोचवायला गेले होते. गाडीला शिटी व्हायला थोडा वेळ असताना फुलबासन आली, बुधनीचं बोट धरून. जुनवानीहून दुर्गपर्यंत चालत आली होती. बुधनीही बरंचसं चालली म्हणे. काकू खिडकीतून वाकल्या आणि आधी तिचा दंड दोन बोटांत धरला. मग भुईमुगाच्या लाडवांची पुरचुंडी फुलबासनच्या हातात दिली. काहीतरी सांगायचं होतं त्यांना.

फुलबासननं पुरचुंडी कनवटीला लावली आणि म्हणाली, "मैं देहूं दीदी. दूनो ल देहूं."

दोघींना देईन. काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायचाच राहिला, गाडी हलली तेव्हा आपोआप सुटला. फुलबासननं पुरचुंडीतून एक लाडू काढून दोन तुकडे केले. डाव्या हातानं एक बुधनीच्या तोंडाशी नेला. उजवा हात तिनं दुसऱ्या बाजूला, तेवढ्याच उंचीवर, रिकाम्या हवेत धरला.

खिडकी पुढे सरकत होती आणि खिडकीत काकूंचं तोंड उघडं होतं. भरवणाऱ्या आईचं असतं तसं, मोठा आ केलेलं. वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते मिटलं नाही. मी त्या तोंडाकडेच पाहत राहिले. फुलबासनच्या उजव्या हाताकडे पाहायचं नाही, असं मी मनाशी पक्कं ठरवलं होतं.

गाडी गेली. फलाटावर एकदम सामसूम झाली. मी फुलबासनच्या मागेच उभी होते. बुधनी तिच्या डाव्या हाताला होती. खाण्याचा आवाज दोन्हीकडून येत होता.